जत्रा गावाची, परवानगी कलेक्टरची

खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडाला गावोगावी यात्रा भरतात आणि यात्रा म्हटली की बैलगाड्यांच्या शर्यतींचा घाट आलाच. वर्गणी गाव काढतं, घाट गाव दुरुस्त करतं, टोकन वाटपावरून हमरीतुमरीवर येतं तेही गावच. तरीही ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, तेव्हा पुढची सात वर्षं कुठल्याही ग्रामसभेच्या ठरावाने त्या पुन्हा सुरू होऊ शकल्या नाहीत. आमदारांनी आश्वासनं दिली, खासदारांनी बैल घेऊन फोटो काढले, आणि घाट ओस पडून राहिले.

वाद बैलांना होणाऱ्या त्रासाचा होता, तसाच तो कायदा कोणी करायचा याचाही होता. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा १९६०चा कायदा संसदेचा. ज्या प्राण्यांकडून खेळ करवून घेता येत नाहीत त्यांच्या यादीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली बैल घातला. तमिळनाडूने त्याआधीच, २००९मध्ये, जल्लिकट्टू या बैलांच्या खेळासाठी स्वतःचा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला, कारण तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत होता आणि त्याच्यावर राष्ट्रपतींची संमती नव्हती. २०१७च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी तरुणांची गर्दी उसळली आणि तमिळनाडूने या वेळी शहाणपणाने वाट बदलली: वेगळा कायदा न करता केंद्राच्याच कायद्यात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची सही मिळवली. महाराष्ट्राने त्याच वर्षी तीच वाट धरली. मुंबई उच्च न्यायालयाने तिला अडवलं, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या, म्हणजे तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या, दुरुस्त्या वैध ठरवल्या.

हा सगळा द्राविडी प्राणायाम का करावा लागला, याचं उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिथे तीन याद्या आहेत. संघसूचीत मूळच्या ९७ नोंदी, राज्यसूचीत ६६, समवर्ती सूचीत ४७. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन हे दिल्लीचं. पोलीस, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य हे राज्याचं. समवर्ती सूचीतल्या विषयांवर दोघांनाही कायदा करता येतो, पण दोन कायदे एकमेकांना छेदले तर सहसा संसदेचा टिकतो. राज्याचा टिकवायचा तर राष्ट्रपतींची संमती हवी. आणि घटनाकारांना जे सुचलंच नाही, ते सगळं संसदेचं.

आता बैलगाडा या याद्यांमध्ये शोधा. जत्रा राज्यसूचीत आहे. खेळ आणि करमणूक राज्यसूचीत. पशुधनाचं जतन राज्यसूचीत. प्राण्यांवरची क्रूरता रोखणं मात्र समवर्ती सूचीत, आणि त्या एका नोंदीने बाकी तिघींना गप्प बसवलं. खरी गंमत तर पुढेच आहे. पंचायतींसाठी जी अकरावी अनुसूची १९९२च्या घटनादुरुस्तीने जोडली, तिच्या २९ विषयांत बाविसावा विषय ‘बाजार आणि जत्रा’ हाच आहे. म्हणजे गावाची जत्रा हा गावाचा विषय, असं घटनेतच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात शर्यतीची पूर्वपरवानगी देतात जिल्हाधिकारी, आणि सरपंच अर्जाची पोच घेऊन येतात.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था असे तीन मजले दाखवलेले असतात, आणि परीक्षेत कोणत्या मजल्यावर कोणता विषय ते विचारतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. खालच्याला दिलेला अधिकार वरच्याला परत घेता येतो का, आणि घेता येत असेल तर किती सहज, हे विचारलं की वाटणी खरी किती आणि कागदावरची किती ते लगेच दिसतं.

राज्यांपुरतं उत्तर बऱ्यापैकी दिलासा देणारं आहे. याद्यांमधली एक ओळ हलवायची तरी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं आणि शिवाय किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी. अवघड आहे, पण अशक्य नाही. १९७६ साली, आणीबाणीत, ४२व्या दुरुस्तीने शिक्षण, वनं, वन्य प्राणी-पक्ष्यांचं संरक्षण, वजनमापं आणि न्यायदानाची व्यवस्था हे विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले. जुन्नरच्या उसात बिबट्या शिरला की त्याचा अर्थ कळतो. लोक सरपंचाच्या दारात येतात, सरपंच वनखात्याला फोन लावतात, बिबट्या जेरबंद करायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते, आणि ती परवानगी ज्या १९७२च्या कायद्याखाली द्यायची तो संसदेचा.

कांद्याचंही तसंच. कांदा पिकवणं हा शेतीचा, म्हणजे राज्याचा विषय. लासलगावची बाजार समिती राज्याच्या कायद्याने चालते. पण परदेशाशी व्यापार संघसूचीत, त्यामुळे डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी झाली ती दिल्लीतून, आणि ४ मे २०२४ रोजी उठली तीही दिल्लीतूनच. लिलावात भाव पडल्यावर शिव्या कोणाला द्यायच्या याचा निर्णय शेतकऱ्याने स्वतःच करायचा असतो. सरकारांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

याद्या अशा जपून ठेवणारी घटना एका बाबतीत मात्र राज्यांशी फार कठोर आहे. राज्याचे विषय सहज काढून घेता येत नाहीत, पण राज्यच काढून घेता येतं. तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा बदलू शकते, नाव बदलू शकते, त्याचे तुकडे करू शकते. संबंधित विधानसभेला मत विचारावं लागतं; ते मानावं लागत नाही. २०१४च्या सुरुवातीला आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं आणि तरी तेलंगण झालं. २०१९मध्ये जम्मू-काश्मीर तर राज्याचं केंद्रशासित झालं. आपल्याकडच्या वाचकांना हे नवं वाटायला नको. १९५६च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा घटनेच्या दृष्टीने त्यात अडचण काहीच नव्हती. अडचण रस्त्यावर निर्माण झाली. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, आणि चार वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र झाला. हे राज्य ज्या कायद्याने जन्मलं तोही संसदेचाच.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना याचं कारण स्पष्ट केलं होतं: भारताचा संघ राज्यांच्या आपसांतल्या करारातून झालेला नाही, म्हणून फुटून निघण्याचा हक्क कोणालाच नाही. अमेरिकेत आधी राज्यं होती, त्यांनी केंद्र घडवलं. इथे केंद्र आधी होतं आणि राज्यं त्याने आखली. राष्ट्रपती राजवटीचं हत्यारही त्याच विचारातलं. १९८०च्या फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं ते याच हत्याराने, विधानसभेत बहुमत आहे की नाही याची चाचणी न घेता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४च्या बोम्मई निकालाने ही धार बोथट केली: बहुमत सभागृहात मोजायचं, राजभवनात नाही, आणि बरखास्तीची न्यायालय तपासणी करू शकतं.

एवढं असूनही राज्यांपाशी एक जागा आहे, जिथून त्यांना बाहेर काढणं कठीण असतं. सीबीआय हे त्याचं छोटं उदाहरण. पोलीस हा राज्याचा विषय, म्हणून सीबीआयला राज्यात तपास करायला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ती सरसकट संमती ऑक्टोबर २०२०मध्ये काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२मध्ये परत दिली. दिल्लीला दोन्ही वेळा बघत बसावं लागलं.

पैशाकडे वळलं की मात्र चित्र बदलतं, आणि ते मुंबईच्या जकात नाक्यांवर फार स्पष्ट दिसलं. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द इथे ट्रकांच्या रांगा लागायच्या. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका जकात घ्यायची. नाक्यांवरचा भ्रष्टाचार दंतकथेचा विषय होता, डिझेल जळायचं, वेळ जायचा, त्यामुळे जकात गेल्याचं दुःख व्यापाऱ्यांना होण्याचं कारण नव्हतं. पण ती महापालिकेची स्वतःची कमाई होती: वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये, आणि त्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नव्हता. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९मध्येच गेली होती. इतर महापालिकांमध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि १ ऑगस्ट २०१५पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता बंद झाला. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि मुंबईचे नाके त्या मध्यरात्री थंडावले.

त्यानंतर दर महिन्याला राज्य सरकार महापालिकेला भरपाई देतं. पहिल्या महिन्याचा धनादेश सुमारे ६४७ कोटींचा होता आणि तो द्यायला राज्याचे अर्थमंत्री समारंभाने महापालिकेत आले. रक्कम पुरेशी होती, दरवर्षी वाढत जाण्याची तरतूदही कायद्यात होती. तरीही काल जो घरचा कर्ता होता तो आज महिन्याच्या महिन्याला पाकीट घेणारा झाला, हे कोणाच्याही लक्षात यावं. या महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींहून मोठं होतं, गोवा राज्याच्या अंदाजपत्रकाच्या दुपटीहून जास्त. अशी संस्था आपल्या उत्पन्नाच्या एका मोठ्या भागासाठी मंत्रालयाकडे बघते, आणि गोवा मात्र जीएसटी परिषदेत मंत्र्याच्या खुर्चीवर बसतो.

त्या परिषदेत एकही महापौर नाही. केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश मतं लागतात. गणित मांडून बघा: केंद्राला नको असेल तर काहीच मंजूर होत नाही, आणि राज्यं बहुसंख्येने विरोधात गेली तर केंद्राचंही काही चालत नाही. महाराष्ट्राचं मत सिक्कीमच्या मताइतकंच. व्यवहारात मतदानाची वेळ जवळपास येतच नाही; डिसेंबर २०१९मध्ये लॉटरीच्या करावर पहिल्यांदा मतं मोजली गेली. राज्यांनी विक्रीकराचा आपला हक्क सोडला तो या परिषदेतल्या खुर्चीच्या बदल्यात आणि पाच वर्षं दरसाल १४ टक्के वाढीच्या हमीवर. ऑगस्ट २०२०मध्ये, करोनात वसुली कोसळल्यावर, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी त्याला देवाची करणी म्हटलं आणि राज्यांना कर्ज काढायला सुचवलं. राज्यांनी आवाज उठवला. अखेर केंद्राने आधी एक लाख दहा हजार कोटी आणि पुढच्या वर्षी एक लाख ५९ हजार कोटी स्वतः उचलून राज्यांकडे वळते केले. तुटीच्या काळात केंद्राशी घासाघीस करायला राज्यांकडे जागा तरी होती. राज्याने भरपाई थकवली असती तर महापालिकेने कोणत्या परिषदेत बोलायचं होतं?

केंद्राकडून येणाऱ्या पैशाची दुसरी वाट वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगाने वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशचा १७.९३९. उत्पन्न कमी आणि लोकसंख्या जास्त त्याला झुकतं माप, हे तत्त्व मला पटतं. खटकतं ते उपकर आणि अधिभार. तो पैसा वाटपाच्या हंडीत पडतच नाही, सगळा केंद्राकडे राहतो, आणि पेट्रोलवरच्या केंद्रीय कराचा मोठा भाग याच नावांनी गोळा होतो.

याच आयोगाने ग्रामपंचायतींनाही पैसे दिले, पण पाण्याचे आणि स्वच्छतेचे पैसे त्यासाठीच वापरायचे होते. त्याला ‘बंधित’ निधी म्हणतात. तो ६० टक्के होता, आणि गावाच्या मर्जीचा ‘अबंधित’ ४०. ज्या गावात पाण्याची अडचण नाही पण स्मशानाचा रस्ता चिखलात आहे, तिथेही त्या ६० टक्क्यांसाठी पाण्याचा किंवा स्वच्छतेचाच प्रस्ताव करावा लागायचा. गावाच्या हक्काची कमाई मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर यांची, आणि ती मागायला दारात जायचं तर सरपंचाला पुढच्या निवडणुकीचा विचार करावा लागतो.

या तिसऱ्या मजल्याची कथा अशी का झाली? मूळ घटनेत तो नव्हताच. आंबेडकरांना खेड्यांबद्दल भोळं प्रेम नव्हतं. जातीच्या उतरंडीचा अनुभव असलेल्या माणसाला ते कसं असणार? गांधीवाद्यांना हे बोचलं. घटनेचा मसुदा मांडला गेला त्या महिन्यातच, २२ नोव्हेंबर १९४८ला, के. संतानम यांच्या दुरुस्तीने पंचायतींना मार्गदर्शक तत्त्वांत जागा मिळाली, म्हणजे सद्भावनेच्या यादीत. पुढे बळवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला, तर वसंतराव नाईक समितीने महाराष्ट्रासाठी जिल्हा हा पाया धरला, आणि १ मे १९६२ला आपल्या जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, पाटबंधारे त्यांच्याकडे आले. विलासराव देशमुख, आर. आर. पाटील अशी माणसं याच वाटेने वर गेली. मंत्रालयाला मात्र जिल्ह्यात आपल्याखेरीज दुसरा धनी फार काळ मानवला नाही. ऐंशीच्या दशकात केंद्राच्या योजना जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे गेल्या. आज जिल्हा नियोजन समितीच्या खुर्चीवर पालकमंत्री बसतात, म्हणजे राज्याचे मंत्री.

१९९२च्या ७३व्या आणि ७४व्या दुरुस्त्यांनी पंचायती आणि पालिका घटनेत आणल्या, पाच वर्षांत निवडणूक बंधनकारक केली, स्त्रियांना जागा दिल्या. हे मोठं काम होतं. विषय सोपवायचे की नाहीत, किती, कधी, हे मात्र राज्यांच्या मर्जीवर ठेवलं. म्हणून दिलेला अधिकार परत घेता येतो का, हा प्रश्न इथे पुन्हा विचारला तर उत्तर वाईट येतं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून? २०१७मध्ये थेट, २०२०मध्ये सदस्यांतून, २०२२मध्ये पुन्हा थेट. मुंबई महापालिकेचे नगरसेवक २२७चे २३६ झाले आणि वर्षभरात परत २२७. प्रत्येक बदलाला तत्त्वाचा मुलामा होता आणि प्रत्येक वेळी राज्यात नुकतंच सरकार बदललेलं होतं किंवा निवडणूक जवळ आलेली होती. मार्च २०२२मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पेच व प्रभागांचा घोळ यांत शहर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिलं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगावं लागलं. विधानसभेची निवडणूक अशी तीन वर्षं लांबली असती तर? हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो, आणि वाटणीतला फरक नेमका तिथे आहे.

नगरसेवक असतानाही शहर त्यांच्या हाती फारसं नसतं. १८८८च्या कायद्यापासून मुंबईचा कारभार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य. महापौरांकडे मानाची खुर्ची. मेट्रो बहुतांशी एमएमआरडीए या राज्याच्या प्राधिकरणाची, झोपडपट्टी पुनर्वसन राज्याच्याच दुसऱ्या प्राधिकरणाचं, लोकल रेल्वेची, बंदराची जमीन केंद्राची. खड्डा पडला की मात्र फोन नगरसेवकाला जातो.

वरच्याच्या मर्जीवर चालणाऱ्या या वाटणीला एक अपवाद गडचिरोलीत आहे, आणि तो अपवाद का ठरला हे बघण्यासारखं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा जुनी. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये त्यांच्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडायला निघाले तर वनखातं वाहतूक परवाना देईना. १९२७च्या वन कायद्यात तेव्हा बांबू हे झाड होतं, आणि झाड म्हणजे खात्याची मालमत्ता. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं, पण खात्याने जुनं पुस्तक बंद केलं नव्हतं. २७ एप्रिल २०११ला केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना घेऊन गावात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं.

तेव्हापासून बांबूचा सौदा ग्रामसभा करते आणि परवाना ग्रामसभाच फाडते. इथे संसदेने राज्याला वळसा घालून थेट गावाला अधिकार दिला, त्यामुळे मंत्रालयातल्या शासन निर्णयाने तो काढून घेता येत नाही. त्यासाठी संसदेलाच कायदा बदलावा लागेल, आणि तो बदलायचा झाला तर विधेयक मेंढ्याच्या ग्रामसभेपुढे येणार नाही.